कॅपॅसिटी आहे का विचारलं, म्हणून यावेळी खरोखरच मोजायला बसलो

दरवर्षी आमच्या मोठ्या कस्टमरकडून एक एक्सेल शीट येते. पार्ट नंबर, पुढच्या तीन वर्षांचा अंदाजे व्हॉल्यूम, आणि शेवटच्या कॉलमात कॅपॅसिटी आहे का, हो किंवा नाही. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझ्या ओळखीचे बरेच पीपीसीवाले (प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि कंट्रोल बघणारे) पहिल्या ओळीत ‘हो’ टाकतात आणि माउसने खालपर्यंत ओढतात, विषय संपला. कारण ‘नाही’ लिहिलं की त्यांच्या परचेसचा फोन येतो आणि आपल्या मालकाचा त्याच्याही आधी येतो. यंदा मात्र शीटखाली एक ओळ जास्तीची होती, की ‘हो’ कशाच्या जोरावर म्हणताय ते मशीननिहाय दाखवा आणि आमचा माणूस येऊन रन ॲट रेट बघेल. रन ॲट रेट म्हणजे ठरलेल्या वेगानं पूर्ण शिफ्ट लाइन चालवून दाखवायची, ते बाजूला उभं राहून पीस मोजणार. आता ओढून ‘हो’ टाकायची सोय राहिली नाही.

आमचं काम थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरची आणि पंपाची कास्ट आयर्नची (बिडाची) हौसिंग म्हणजे बाहेरची कवचं, शिवाय कव्हर, ब्रॅकेट. कास्टिंग, म्हणजे ओतलेला कच्चा पार्ट, कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून येतं, शिरोली आणि गोकुळ शिरगाव, इथं मशीनिंग, वॉशिंग, लीक टेस्ट करून डिस्पॅच. मी पीपीसी बघतो, म्हणजे माल गेला तर प्रॉडक्शननं काढला म्हणून आणि नाही गेला तर प्लॅनिंग चुकलं म्हणून, अशी पोस्ट आहे.

तर पीपीसीवाल्याची नजर फार तर महिन्यापुरती असते. आजचं डिस्पॅच, उद्याचं कास्टिंग, परवा कुठलं सेटिंग तोडायचं. सिस्टीममध्ये एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट प्लॅनिंग) चालतं पण ते फक्त मटेरियल सांगतं, किती कास्टिंग कधी मागवायचं वगैरे, मशीनला वेळ आहे का हे ते विचारतच नाही, मशीन म्हणजे अक्षय पात्र असं धरूनच त्याचं गणित असतं. त्याच्या वर एक ढोबळ पायरी असते, मुख्य शेड्यूल महत्त्वाच्या मशीनवर बसतंय का ते बघायची, आणि त्याच्याही वर वर्षा-दोन वर्षांचं रिसोर्स प्लॅनिंग असतं ज्यात जागा, वीज, मोठी मशीन, माणसं, सप्लायर असल्या गोष्टी येतात. ही वरची पायरी आमच्यासारख्या शॉपमध्ये मालकाच्या डोक्यात असते, कागदावर नसते. दादा (आमचे मालक, सगळे दादाच म्हणतात) एखाद्या प्रदर्शनाला जाऊन येतात आणि एक मशीन बुक करतात, हेच आमचं पंचवार्षिक प्लॅनिंग.

पहिलं काम केलं ते म्हणजे पार्ट नंबर बाजूला ठेवले. आमच्याकडे दोनशेच्या वर पार्ट नंबर आहेत आणि तीन वर्षांनी त्यातला कुठला चालेल हे कस्टमरला पण माहीत नसतंय, पण मोठी हौसिंग साधारण किती लागतील हे तो बऱ्यापैकी सांगू शकतो. म्हणून एकाच रूटनं जाणारे, साधारण तेवढाच वेळ घेणारे पार्ट एकत्र केले आणि सहा-सात फॅमिली पाडल्या. मग प्रत्येक फॅमिलीच्या एका पीसला काय काय लागतं त्याचा तक्ता, एचएमसीची (आडव्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) मिनिटं, व्हीएमसीची (उभ्या स्पिंडलचं) मिनिटं, वॉशिंग, लीक टेस्ट, सीएमएम (मापं तपासायचं मशीन), आणि कास्टिंगचं वजन किलोत. जसं मटेरियलचं बीओएम (एका पीसला काय किती लागतं त्याची यादी) असतं तसं हे रिसोर्सचं बीओएम. हा तक्ता एकदा बरोबर झाला की पुढं नुसता गुणाकार आहे, पण तो बरोबर होईपर्यंत जीव जातो.

कारण मिनिटं आणायची कुठून? सिस्टीममध्ये मोठ्या हौसिंगचा एचएमसी टाइम ११ मिनिटं होता. मी स्टॉपवॉच घेऊन मशीनशेजारी उभा राहिलो तर आमचे सेटर (नवीन कामासाठी मशीन लावून देणारे) मामा हसले. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने, आवाजावरून इन्सर्ट (टूलचं बदलायचं कटिंग टोक) गेलाय का सांगणारे. म्हणले, “साहेब, ते अकरा मिनिटं प्रोग्रामचं हाय, स्पिंडल फिरल्यालं. माणूस कुठं मोजलाय त्यात?” आणि खरंच, दार उघडलं, क्लॅम्प सोडले, एअर गननं चिप्स उडवल्या, पीस उचलून ट्रॉलीवर ठेवला, फिक्स्चरचे (पीस पकडून ठेवणाऱ्या चौकटीचे) रेस्ट पॅड कापडानं पुसले कारण एक बारीक चिप खाली राहिली तर बोअर तिरका जातोय, नवीन कास्टिंग ठेवलं, चार क्लॅम्प एकाआड एक आवळले, दार लावलं. आमची मशीनं जुनी आहेत, सिंगल पॅलेट (पीस लावायचं टेबल एकच), त्यामुळं हे सगळं मशीन थांबवूनच होतं. त्यात ठरावीक पीसनंतर इन्सर्ट फिरवायचे आणि पहिला पीस गेजला लावून बघायचा. वेगवेगळ्या शिफ्टला, वेगवेगळ्या ऑपरेटरवर मोजून सरासरी काढली तर १४ मिनिटं. मामा म्हणले चौदा म्हणजे पोरगं चांगलं असंल तर.

आता ३ मिनिटांनी काय होतंय ते बघा. शिफ्ट ८ तास म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून जेवण ३०, दोन चहा मिळून २०, शिफ्ट बदलताना साफसफाई-हँडओव्हर १०, उरली ४२०. दोन शिफ्टची ८४०, महिन्याचे २५ दिवस धरले तर एका मशीनला २१,००० मिनिटं. मोठी हौसिंग आज महिन्याला २,२०० लागतात. सिस्टीमच्या ११ मिनिटांनी २४,२०० मिनिटं, म्हणजे सव्वा मशीन पण नाही. आमच्याकडे या कामाला दोन एचएमसी आहेत. कस्टमर तिसऱ्या वर्षी ३,३०० मागणार, ते पण ११ नी ३६,३०० मिनिटं, पावणेदोन मशीन. म्हणजे कागद म्हणतो तीन वर्षं काही घ्यायला नको, आरामात बसा. आणि आम्ही आजच रविवारी ओव्हरटाइम लावून, दुप्पट पगार देऊन माल काढतोय. असं कसं?

तर १४ मिनिटं धरा, आणि २१,००० मिनिटं पण पूर्ण मिळत नाहीत ते पण धरा. सेटिंग बदल, ब्रेकडाऊन, कास्टिंग आलं नाही म्हणून उभं, ऑपरेटर गैरहजर, आणि मशीनिंग झाल्यावर ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) निघाला म्हणून फुकट गेलेले पीस. मागच्या वर्षभराच्या लॉगबुकमधून काढलं तर हातात ७५ टक्के येतात. (इथं क्वालिटीचा पोरगा म्हणला सर सरळ ओईई (मशीन चालू राहिलेला वेळ, वेग आणि क्वालिटी यांचा गुणाकार) लावा की. पण ओईईमध्ये परफॉर्मन्सचा तोटा पण असतोय आणि तो मी १४ मिनिटं मोजताना आधीच धरलाय, परत ओईई लावलं तर तेच दोनदा कापलं जातं आणि उगंच जास्तीचं मशीन दिसतं. म्हणून फक्त बंद राहिलेला वेळ आणि रिजेक्शन कापलं.) तर २१,००० चे ७५ टक्के १५,७५०. आजचं लोड ३०,८००, भागिले १५,७५०, उत्तर १.९६. दोन मशीन आजच गळ्यापर्यंत भरलीत, रविवारचं कोडं सुटलं. तिसऱ्या वर्षी ४६,२०० भागिले १५,७५०, २.९३, म्हणजे पूर्ण तिसरं मशीन.

दादांना हे दाखवलं तर पहिलं वाक्य, “पंचाहत्तर कशाला, नव्वद करा की.” हे प्रत्येक मालक म्हणतो आणि त्यात चूक नाही, सुधारणा करायचीच आहे. पण माझं म्हणणं होतं की प्लॅनमध्ये जे वर्षभर करून दाखवलंय तेच धरायचं, जे करणार आहोत ते नाही. सुधारलं तर मशीन उशिरा घेऊ, पैसे वाचतील. सुधारणार म्हणून धरलं आणि नाही झालं तर कस्टमरची लाइन थांबेल आणि त्याचा डेबिट येईल, म्हणजे नुकसान आमच्या बिलातून कापतील. बरीच घासाघीस झाली, शेवटी ७५ च राहिलं.

दुसरा पर्याय तिसरी शिफ्ट. गणित बरोबर बसतं, मागणी दीडपट आणि शिफ्ट पण दीडपट, म्हणजे दोन मशीनवर परत तेच १.९६. कागदावर एक रुपयाचं मशीन न घेता काम झालं. पण दोन शिफ्टला रात्री मशीन मोकळं असतं तेव्हा मेंटेनन्सवाले काम करतात, मागं पडलेला माल तेव्हा काढता येतो, तीन शिफ्ट लावल्यावर ही जागाच संपली, मग एक स्पिंडल बिघडला की महिनाभर भरून निघत नाही. आणि रात्री सेटर कोण? मामा एकच आहेत.

एक गोष्ट कुणाच्या डोक्यातच नव्हती ती म्हणजे लीक टेस्ट. सगळ्या फॅमिलीची सगळी हौसिंग एकाच बेंचवरून जातात. पोर्टला रबर प्लग लावायचे, क्लॅम्प करायचं, हवा भरायची, प्रेशर स्थिर होऊ द्यायचं, मग ड्रॉप बघायचा, सगळं मिळून ४ मिनिटं. फेल झाला तर पुसून परत लावायचा, कारण अर्ध्या वेळा प्लगच नीट बसलेला नसतो. आज महिन्याला सगळी मिळून ४,२०० हौसिंग, म्हणजे १६,८०० मिनिटं, आणि बेंचला धरून चालू २१,००० चे ८५ टक्के, १७,८५०. चौऱ्याण्णव टक्के भरलेला! तिसऱ्या वर्षी ६,००० धरली तर २४,०००. म्हणजे तिसरं एचएमसी आणून उभं केलं असतं तरी माल लीक टेस्टपुढं ढीग लावून बसला असता. त्याला कुणी मशीन समजत नाही, कोपऱ्यात एक टेबल, त्यावर काम करणाऱ्या ताई, आणि एक डिजिटल गेज. आणि दुसरा बेंच एचएमसीच्या मानानं किरकोळ खर्चाचा, दोनेक महिन्यात बनून येतो.

इथून पुढं माझी बघायची पद्धतच बदलली. किती लागणार हा प्रश्न गुणाकारानं सुटतो. कुठली गोष्ट आणायला किती वेळ लागतो, तो खरा रकाना. मी तक्त्यात तो कॉलम टाकला आणि सगळ्या लायनी त्यावर सॉर्ट केल्या, तर मशीन, ज्याच्यावरून एवढी भांडणं झाली, ते मधे कुठंतरी आलं. ऑर्डर दिल्यापासून चालू होईपर्यंत सहा-आठ महिने धरा फिक्स्चर आणि प्रूव्हिंगसकट (पीस काढून खात्री करण्यासकट). त्याच्या वर वीज, फाउंड्री आणि सेटर.

वीज म्हणजे, वर्षभराची बिलं काढून केव्हीए मॅक्झिमम डिमांड (एका वेळी ओढलेला जास्तीत जास्त लोड) बघितली, उन्हाळ्यात सगळं चालू असताना आम्ही कॉन्ट्रॅक्ट डिमांडला (वीज कंपनीशी ठरलेल्या मर्यादेला) टेकलेलो. तिसरं एचएमसी, त्याचा कंप्रेसरचा वाटा, चिलर, सगळं धरलं की डिमांड वाढवायलाच लागणार, आणि वाढवली की आम्ही एलटीच्या (लो टेन्शन) मर्यादेबाहेर जाऊन एचटीत (हाय टेन्शन) जातोय. एचटी म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मीटरिंग क्यूबिकल, केबल, अर्थिंग, त्याला जागा, वीज कंपनीचं एस्टिमेट, विद्युत निरीक्षकांची मंजुरी. यातलं एकही काम आधीचं झाल्याशिवाय होत नाही, एकामागं एक रांग. मशीन दारात आणि वीज नाही अशी एक गोष्ट आमच्याच लेनमध्ये झालेली आहे, ते मशीन बराच काळ ताडपत्रीखाली होतं.

फाउंड्रीला फोन केला, म्हणलं तिसऱ्या वर्षी ३,३०० पीस लागतील. ते म्हणले पीस नका सांगू, टनेज सांगा. बरोबर आहे, त्यांचं लोखंड भट्टीतून टनावर निघतं. पीस १८ किलोचा, आज ३९.६ टन महिन्याला, तेव्हा ५९.४ टन, म्हणजे दर महिन्याला जवळजवळ २० टन जास्त. त्यांच्या मोल्डिंग लाइनवर आमचा पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा पाडतात तो नमुना) आठवड्यातून ठरावीक वेळच लागतो, बाकी वेळ दुसऱ्यांचा. वाढवायचं तर पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा (कास्टिंगच्या आतल्या पोकळीचा साचा) दुसरा सेट हवा. आणि पॅटर्न कस्टमरच्या मालकीचा, म्हणजे त्याची पीओ (खरेदीची ऑर्डर) त्यांनीच द्यायची. गंमत बघा, कॅपॅसिटी आहे का असं जो विचारतोय, त्याच्याच टेबलावर एक अडसर आहे.

सेटरचं तर विचारू नका. आयटीआय झालेला पोरगा ऑपरेटर व्हायला काही महिने पुरतात, पण एचएमसीवर नवीन फिक्स्चर लावून, ऑफसेट घेऊन पहिला पीस ओके काढणारा सेटर व्हायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तो तयार झाला की चाकणहून फोन येतो.

माणसांचं अजून एक, हे सांगली भागातल्यांनाच कळेल. मी तीन वर्षांचं मस्टर काढून महिन्यावार हजेरीचा ग्राफ केला तर दोन ठळक खड्डे. एक ऑक्टोबर छाटणीचा आणि दुसरा बेदाण्याच्या दिवसातला. आमचे बरेच ऑपरेटर तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातले, घरची द्राक्षबाग आहे, छाटणी म्हणलं की तो येणार नाही, तुम्ही काय पण करा. आणि ट्रॅक्टरची मागणी कधी वाढते? नवरात्र ते दिवाळी. म्हणजे लोड सगळ्यात जास्त असतो तेव्हाच माणसं सगळ्यात कमी. वर्षाची सरासरी काढली की हे दिसतच नाही, सरासरीत सगळं छान असतं. म्हणून प्लॅन महिन्यावार केला आणि मोठी हौसिंग जुलै-ऑगस्टमध्ये आधी काढून स्टॉक करायची ठरवली.

पण जुलै-ऑगस्ट म्हणलं की पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, जिथं धोक्याची पातळी ४५ आहे. कुपवाड उंचावर, आमच्या शेडमध्ये पाण्याचा थेंब नाही, पण सांगलीत राहणारी माणसं घरात अडकलेली, कोल्हापूर रस्ता बंद, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, कास्टिंग येणार कुठून? मशीन सगळी ठणठणीत आणि कॅपॅसिटी शून्य. २०२१ ला परत तेच. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कास्टिंगचा जादा साठा आत घ्यायचा हे पण प्लॅनमध्ये लिहिलं. त्याला जागा लागते, पैसा अडकतो, दादांनी तोंड वाकडं केलं पण २०१९ त्यांनी पण बघितलंय.

राहता राहिला कस्टमरचा आकडा, ३,३००. ट्रॅक्टर म्हणजे पाऊस, पाऊस चांगला तर मागणी, नाहीतर शोरूममध्ये गाड्या उभ्या. त्यात नियम बदलतात. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना नवीन एमिशन नॉर्म्स १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले, असं काही झालं की डिझाइन बदलतं, जुनं हौसिंग कमी होतं, नवीन येतं, त्याला नवीन फिक्स्चर. म्हणून एका आकड्यावर प्लॅन केला नाही. ३,३००, २,७००, आणि आहे तिथंच २,२००, तिन्ही चालवून बघितले. जे तिन्हीत कामाला येतं ते आत्ता करायचं, एचटी आणि सेटरची तयारी त्यात. लीक टेस्ट बेंच २,७०० ला पण लागतोय, तो पण आत्ताच. तिसरं एचएमसी फक्त वरच्या आकड्याला पूर्ण भरतं, म्हणून त्याला अट घातली, की फर्म (पक्कं) शेड्यूल सलग दोन क्वार्टर २,५०० च्या वर राहिलं तर ऑर्डर द्यायची, आणि ते येईपर्यंतचे सहा-आठ महिने तिसऱ्या शिफ्टवर काढायचे. तिसरी शिफ्ट तात्पुरती पुलासारखी, कायमची नाही, हे मी मेलमध्ये मुद्दाम लिहून ठेवलं, कारण आमच्याकडे तात्पुरतं लवकर कायमचं होतंय.

मग ती एक्सेल भरली. पहिलं वर्ष हो. दुसरं वर्ष हो, नवीन लीक टेस्ट बेंच आणि गरजेप्रमाणे तिसरी शिफ्ट धरून. तिसरं वर्ष हो, पण दोन अटी, पॅटर्नच्या दुसऱ्या सेटची पीओ या आर्थिक वर्षात आणि व्हॉल्यूम वाढणार असल्यास आठ महिने आधी फर्म शेड्यूल. अपेक्षेप्रमाणे परचेसचा फोन आला, की अहो बाकी सगळ्यांनी हो लिहिलंय, तुम्ही हे काय पाठवलंय. मी म्हणलं वर्किंग जोडलंय, बघा. नंतर त्यांच्या क्वालिटीवाल्यानं वर्किंग मागून घेतलं आणि १४ मिनिटं कशी काढली तेवढंच विचारलं. रन ॲट रेटला तो स्वतः आला, एका मशीनवर एक शिफ्ट, माझ्या हिशोबानं २२-२३ पीस ओके निघायला पाहिजे होते, तेवढेच निघाले. सिस्टीमच्या ११ वर बोललो असतो तर ३८ दाखवायला लागले असते.

आत्ताची परिस्थिती अशी की दुसरा बेंच आलाय आणि चालू आहे, एचटीचं एस्टिमेट भरलंय, ट्रान्सफॉर्मरच्या जागेवरची जुनी रॅक काढली. पॅटर्नची पीओ अजून नाही, दर आठवड्याला मेल टाकतो. शेड्यूल २,३५० च्या आसपास आहे म्हणून तिसऱ्या मशीनचा विषय बंद, दादा मात्र परवा परत प्रदर्शनाचा पास घेऊन आलेत. मामांच्या हाताखाली दोन पोरं दिलेली, त्यातला एक गेल्या महिन्यात गेला, चाकणलाच. म्हणून सेटरच्या लायनीत आकडा बदललाय, दोन हवे असतील तर चार शिकवायला घ्यायचे, आणि मामा म्हणतात त्यातला एक तरी बागवाला असू दे, तो बाग सोडून जाणार नाही, फक्त ऑक्टोबरात येणार नाही.